सुखीबाईचं रोटीघर

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला राग येणार नाही.

घडली ती माझ्या चुलत बहिणीसोबत. बबितासोबत. याच वर्षी, माघ महिन्यात सुरू झाली आणि होळीला...

संपली, असं मी लिहिणार होते. पण ते खरं ठरणार नाही.

जागा घाटंजी तालुक्यातली. डांबरी रस्त्यापासून बरंच आत, टेकडीच्या पायथ्याशी आमच्या बंजारा समाजाचा एक तांडा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमची माणसं तिथे राहतात, पोरींची लग्नं व्हायची आहेत.

आणखी एक. या घटनेत रात्र नाही. सगळं भर दुपारी झालं. लख्ख उन्हात.

मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

दिवाळी झाली की तो तांडा ओस पडतो. ट्रॅक्टर येतात. भांडी, गोधड्या, लेकरं सगळं वर चढतं आणि टोळ्या ऊसतोडीला निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री. थेट होळीपर्यंत.

बबितासुद्धा दरवर्षी जायची. नवरा लखीराम, मुलगा बादल आणि ती. यंदा मात्र तिची सासू, मानीबाई, अंथरुणाला खिळली होती म्हणून ती मागे राहिली. पौषात मानीबाई गेली. लखीराम आणि बादल धावत आले, दिवसपाणी केलं, आणि परत निघाले. टोळी अर्ध्यावर सोडता येत नाही. बबिताला सोबत नेलं असतं, पण गोठ्यात शेळ्या होत्या, त्यातल्या दोन गाभण. त्या कोणाच्या भरवशावर टाकणार?

"होळीले येतोच आम्ही," लखीराम म्हणाला. "थोडेसे दिवस तर राह्यले."

दोघं वाटेला लागले. बबिता दारात उभी राहिली. ते दिसेनासे झाले तरी उभीच होती.

मग घरात आली... आणि घर इतकं शांत होतं, की तिला आपल्याच बांगड्यांचा आवाज नकोसा झाला.

असे दिवस सुरू झाले. झाडायचं, पाणी भरायचं, शेळ्या सोडायच्या. एकदा संध्याकाळी तिनं शेळीला "हट" म्हटलं, आणि तिच्या लक्षात आलं, सकाळपासून आपण उच्चारलेला हा पहिला शब्द.

आता रोटीघराचं सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तांड्याच्या टोकाला काळ्या दगडाची एक जागा आहे. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू उघडी. आत लांबच लांब चूल आणि पीठ मळायची एक मोठी दगडी डोणी. हे रोटीघर. बांधलं सुखीबाईनं.

सुखीबाई म्हणजे तांड्याच्या नायकाची बायको. त्या घरचे लदेणीचे बैल होते. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलखोमुलखी न्यायचं, हा आमच्या लोकांचा जुना धंदा. नवरा लवकर वारला. पोटी लेकरू नव्हतं. मग छपन्याचा दुष्काळ आला. सव्वाशे वर्षं झाली त्याला. माणसं पळसाची मुळं उकडून खायला लागली होती म्हणतात.

तेव्हा या बाईनं आपली कोठारं मोकळी केली. बैल पाठवून लांबून ज्वारी आणवली. रोटीघर बांधलं. वाटेनं जो येईल त्याला, जातपात न विचारता, जेवू घातलं. आसपासच्या कितीतरी गावांत आजही लोक सांगतात, आमचा खापरपणजोबा सुखीबाईच्या भाकरीवर जगला.

आणि ती स्वतः जेवायला बसायच्या आधी त्या उघड्या बाजूला उभी राहायची. गोरबोलीत, म्हणजे आमच्या बोलीत, मोठ्यानं हाक द्यायची...

"कोई भूको छ काई?"

कोणी उपाशी आहे का?

कुठूनच ओ आली नाही, तरच ती ताटावर बसायची.

ती रीत तिच्या दिराच्या वंशात, म्हणजे बबिताच्या सासरी, अजून चालू होती. घरातली कर्ती बाई दुपारी भाकरी बांधून रोटीघरात जाते, हाक देते, जरा थांबते आणि तिथेच जेवते. मानीबाईनं जन्मभर हे केलं. एकटीनं. बबिता सून म्हणून आली तेव्हापासून सासूनं दुपारी तिला कधी सोबत बसवलं नाही. नव्या नवरीला ते फार लागलं होतं. एकदा ती मागे मागे गेली, तर मानीबाईनं वाटेतच थांबवलं. "घरी जेव," म्हणाली. बस. पुढे बबितानं तो विषय मनातून काढून टाकला. होळीला टोळी परतायची तेव्हा सासू दरवर्षी वाळलेली दिसायची; वय झालं, असं तिला वाटायचं.

पण जायच्या आदल्या दिवशी मानीबाईनं तिचा हात धरला.

"हाक बंद पडू देऊ नको."

म्हणून बबिता जायला लागली. आधी तिला लाजच वाटायची. रिकाम्या शेतांकडे तोंड करून ओरडायचं! कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, नजर जाईल तिथवर उघडी जमीन. हाक जायची आणि विरून जायची. मग ती खाली बसून भाकरी खायची. खरं सांगायचं तर दिवसातून एकदा मोठ्यानं बोलायला मिळतं, याचं तिला बरंच वाटायला लागलं होतं.

आणि एक दिवस...

"कोई भूको छ काई?"

"...छू."

आहे.

अगदी बारीक आवाज. नाल्याकडून आला. बाईचा.

बबिताला वाटलं, कोणी गुराखीण असेल. ती हसली. बरं वाटलं तिला, खरंच. कोणीतरी येतंय! तिनं पळसाच्या पानावर भाकरी ठेवली, वर ठेचा, कांदा फोडून ठेवला.

"या वो! इकडं या!"

कोणी आलं नाही.

ती थांबली. सावली भिंतीवरून सरकत गेली. नाल्याच्या काठावर एक माणूस दिसेना, की एक जनावर दिसेना. रीत अशी होती, की ओ आली तर आधी त्याला जेवू घालायचं. म्हणून ती तशीच उपाशी बसून राहिली. शेवटी ऊन उतरल्यावर पान तिथेच ठेवून घरी आली.

दुसऱ्या दिवशी पान जसंच्या तसं होतं.

भाकरीला कावळ्यानं चोच लावली नव्हती. कुत्र्यानं हुंगलं नव्हतं.

एक मुंगीसुद्धा नव्हती त्याच्यावर.

त्या दुपारी तिनं हाक दिली, तेव्हा ओ मोहाच्या झाडापासून आली. मोह नाल्याच्या अलीकडे आहे.

"भूकी छू..."

उपाशी आहे मी.

झाडाखाली कोणी नव्हतं. मोकळी जमीन, लपायला जागा नाही. बबितानं मागे पाहिलं. तिच्या शेळ्या चरायच्या थांबल्या होत्या. सगळ्यांची तोंडं मोहाकडे. एकही कान हलत नव्हता.

त्याच्या पुढच्या दिवशी तो आवाज रोटीघराच्या भिंतीमागून आला...

ती पळत घरी आली आणि लखीरामला फोन लावला.

"अवो, इथं कोणीतरी ओ देऊन राह्यलं."

"कोण?"

"दिसत नाही. बाईचा आवाज आहे."

"रानातली कोणी असल. एकटी राहून राहून भास होते माणसाले."

"अन् शेळ्याईले? त्याईलेबी भास होते का?"

तिकडे ऊस भरत होते, ट्रकचा आवाज येत होता. लखीराम ट्रकपासून बाजूला गेला. "असं कर," म्हणाला, "हाक देऊच नको. घरात बस, कडी लाव अन् जेव. मी आलो का पाहू."

तिनं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कडी लावली, ताट घेतलं, खाली बसली. भाकरीचा तुकडा मोडला.

बाहेर पाखरांचा आवाज बंद झाला...

तुकडा तोंडापर्यंत गेला...

आणि दाराच्या अगदी पलीकडून, फळीला तोंड लावून बोलावं तसं, कोणीतरी हळूच म्हणालं,

"आज पूछी कोनी..."

आज विचारलं नाहीस.

बबिता म्हणते, त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. उपाशी झोपवलेलं लेकरू अंधारात एकदाच काहीतरी बोलतं आणि गप्प होतं ना, तसा होता तो.

मागच्या दारानं ती निघाली ती थेट रूपसिंगकडे गेली. रूपसिंग तांड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस. ओट्यावर बसून अंबाडीची दोरी वळत होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाच विचारलं.

"आवाज बाईचाच ना?"

"हो दादा."

"मंग मानीकडं येत होती तेच." त्यानं दोरीला पीळ दिला. "मले वाटलं मानीसंग गेली असल तेबी."

"सासूले ऐकू येत होतं?"

"नाही तं काय! तुले काहून नेत नव्हती संग? त्याच्याचसाठी तं."

बबिता ओट्याच्या कडेला बसली. इतक्या वर्षांचा सल होता तो. सासू आपल्याला टाळते असंच ती समजत आली होती.

मग रूपसिंगनं सांगितलं. दुष्काळात सुखीबाई जेवायला बसायच्या आधी हाक द्यायची, आणि रोजच कोणी ना कोणी ओ द्यायचं. ती स्वतःचं ताट उचलून त्याला द्यायची. लोक जेवायचे आणि आपल्या वाटेनं जायचे.

"बाई जेवली का नाही, हे एकानंबी मांगं वळून पाह्यलं नाही, बेटी. एक दिवस डोणीपाशी बसल्या बसल्या गेली. रिकामं ताट मांडीवर. माह्या आज्यानं तिच्या हातचं खाल्लं होतं. तो मरेपर्यंत तेच म्हणे, तिनं साऱ्याईले विचारलं, तिले कोणी विचारलं नाही."

"मंग मी काय करू?"

"मानी करे ते कर. दोन ताटं ने. समोरासमोर बस. अन् वर पाहू नको."

"काहून?"

रूपसिंग दोरी वळत राहिला.

पुढच्या दुपारी बबिता दोन ताटं घेऊन रोटीघरात गेली. डोणीपाशी दोन्ही ताटं समोरासमोर मांडली. वरण, भाकरी, अंबाडीची भाजी. तिनं हाक दिली नाही. मान खाली घातली आणि म्हणाली,

"याडी, ये. बस. मीबी एकटीच हाव."

याडी म्हणजे आई.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग समोरच्या अंगानं थोडा गारवा आला. कोणी चुलीपुढून उठून येऊन बसावं तसा राखेचा, धुराचा वास आला...

आणि भाकरी मोडल्याचा आवाज.

बबितानं आपलाही घास घेतला. डोळे ताटावरच. समोरून सावकाश चावल्याचा आवाज येत होता. कांदा फोडल्याचा. मधेच एक सुस्कारा. ती इतकी घाबरली होती की तिला रडू फुटलं. पण रडता रडता ती जेवत राहिली. आणि तिच्या ध्यानात आलं... सासू गेल्यापासून आपल्यासमोर बसून कोणी जेवलेलं नाही.

दोन्ही ताटं स्वच्छ झाली.

त्यानंतर ती रोज जायला लागली. तीच म्हणाली मला, "तुले खोटं कायले सांगू, मी वाट पाहाले लागली दुपारची." ती जेवता जेवता बोलायची. शेळी व्याली ते सांगायची. बादलचं लग्न कुठे करावं ते विचारायची. उत्तर यायचं नाही. फक्त चावणं थांबायचं. कोणी ऐकत असलं की थांबतं तसं.

लखीरामचे फोन यायचे. ती म्हणायची, सगळं ठीक आहे. तो विचारायचा, जेवली का? ती म्हणायची, हो, पोटभर.

मीही एकदा फोन केला होता तेव्हा. आवाज इतका आनंदी होता तिचा. मला काहीच कळलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी टोळ्या परतल्या. ट्रॅक्टरचे आवाज, लेकरांचा गलका, कुलपं उघडायला लागली. लखीराम आणि बादल घरी आले. घर उघडं, चूल अजून ऊबदार, बबिता नाही. बादल शोधत रोटीघराकडे गेला.

त्याच वेळी आत बबिता जेवायला बसली होती. बाहेरून बादलची हाक आली, "याडी!" आणि दचकून तिनं मान वर केली.

पहिल्यांदाच.

समोर काय होतं, ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की भिंतीकडे तोंड करते. एवढंच म्हणाली, की समोरचं ताट चाटून पुसून रिकामं होतं. मग तिनं खाली पाहिलं. तिचं स्वतःचंही रिकामं होतं.

आणि तिनं अजून भाकरीला हातसुद्धा लावला नव्हता...

बादल आत आला तो जागच्या जागी थिजला. आपली आई त्याला ओळखू आली नाही. गालफडं बसलेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. डोळे तेवढे मोठे राहिले होते. ती त्याच्याकडे पाहून हसली आणि उठायला गेली, तर तिथेच कोसळली.

तिला उचलून घाटंजीला दवाखान्यात नेलं. मी यवतमाळहून पोचले तेव्हा सलाईन चालू होतं. डॉक्टर लखीरामला बाजूला घेऊन विचारत होते, घरात काही भांडण आहे का, या बाईंनी अन्न कशामुळे सोडलं?

"सोडलं कुठं?" लखीराम म्हणाला. "घरात पीठ नाही राह्यलं, डब्यातली दाळ सरली. रोज दोघाचं रांधत होती ते."

"पोटात काही गेलेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "कितीतरी दिवसांपासून."

मी बबिताकडे पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती. ओठ हलत होते, घास चावावा तसे.

होळी झाल्यावर तांड्यानं पंचायत बसवली आणि ठरलं, की सुखीबाईच्या नावानं मोठी पंगत घालायची. घराघरातून ज्वारी आली. रोटीघराची लांब चूल पेटली, कित्येक वर्षांनी. आसपासच्या गावांतून माणसं आली, ज्यांचे पूर्वज इथे जेवले होते ती. पहिलं ताट डोणीपाशी ठेवलं. सगळ्यांनी हात जोडून म्हटलं, "याडी, आधी तू जेव." मग लखीरामनं उघड्या बाजूला उभं राहून हाक दिली.

"कोई भूको छ काई?"

एवढी मोठी पंगत चिडीचूप झाली. लेकरंही गप्प.

ओ आली नाही.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. बायका म्हणाल्या, बाई तृप्त झाली. सगळे जेवायला लागले. मी बबिताच्या शेजारी बसले होते. ती समोर पाहत होती. तिच्यासमोर जागा मोकळी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते समाधानाचं नव्हतं. घरातलं माणूस गेल्यावर येतं तसं होतं. बादलनं तिला लहान लेकरासारखं भरवलं.

त्यानंतर हाक बंद झाली. लखीरामनं तिला रोटीघराकडे फिरकू दिलं नाही. पावसाळ्यापर्यंत ती भरली, चांगली झाली. शेतात जायला लागली. बोलते, हसते. जेवतेही.

फक्त एकटी जेवत नाही. कोणी समोर बसल्याशिवाय ताटाला हात लावत नाही.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. तांड्यात पुन्हा बांधाबांध सुरू झाली आहे. लखीराम म्हणतो, यंदा काहीही झालं तरी बबिता टोळीसोबत येईल, मागे राहणार नाही. तीही त्याच्यासमोर मान हलवते.

पण काल दुपारी तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली,

"ते लोक म्हणते ती तृप्त झाली म्हणून ओ नाही आली. तसं नाही ते."

"मग?"

"एवढे सारे लोक जेवाले बसले होते. आपण ओ दिली तं त्याईतलं कोणीतरी उपाशी राहीन, असं वाटलं असल तिले. तिचा सभावच तसा."

फोनवर तिच्या मागे कुठेतरी लेकरं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मग तिनं अगदी साधेपणानं, भाजी कोणती केली विचारावं तसं, विचारलं...

"सारे गेल्यावर तिच्यापाशी कोण बसल वो?"

मी तेव्हा ऑफिसात एकटीच जेवत होते. डबा समोर उघडा होता. फोन ठेवला, आणि बराच वेळ माझा हात काही डब्याकडे गेला नाही.